चुकलेल्या भाकितांचा किनारा

दिवाळी अंक घरात आला की तो पहिल्या पानापासून वाचावयास कोणी घेत नाही. आजोबा अनुक्रमणिकेवर नजर टाकतात, मुले व्यंगचित्रे शोधतात आणि बाकीची सारी मंडळी शेवटची पाने उघडून आपापली रास पाहतात. वृश्चिकेला धनलाभ, कन्येला प्रवासयोग, मिथुनेने प्रकृतीस जपावे! पुढच्या दिवाळीला यातले काय खरे ठरले याचा जाब कोणी विचारीत नाही, आणि म्हणूनच हे सदर वर्षानुवर्षे सुखाने चालू आहे. ज्योतिषाची थट्टा करणे सोपे असते. परंतु पंचांगाला हात न लावता, आकडे मांडून आणि अनुभवाचे दाखले देऊन भविष्य सांगणाऱ्यांचा दुसरा एक संप्रदाय आहे, आणि त्याचा जमाखर्च इतिहासाने नीट लिहून ठेवलेला आहे. कंपनीचे डायरेक्टर, साम्राज्याचे मुख्य प्रधान, जगन्मान्य शास्त्रज्ञ आणि क्रांतीचे आचार्य यांनी सांगितलेली ही भविष्ये. ती चुकली कशी, हे पाहण्यात मौज आहेच. मात्र ती चुकल्याची किंमत कोणी भरली हे पाहिले म्हणजे हसू जरा आवरते.

हा जमाखर्च पाहावयास मी तुम्हांला वर्सोव्याला घेऊन जाणार आहे. अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्र आणि मालाडची खाडी यांच्या बेचक्यात हे गाव वसले आहे. कोळीवाड्यातली जुनी माणसे त्याला अजून वेसावेच म्हणतात. खाडीपलीकडे मढचा किल्ला, अलीकडे होड्यांचा बंदर, बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, आणि मागे मुंबईच्या श्रीमंतांनी हवा खाण्यासाठी बांधलेल्या घरांची नावे तेवढी उरलेली सात बंगला आणि चार बंगला ही वस्ती. एवढ्याशा टापूला गेल्या पावणेदोनशे वर्षांतली मोठमोठी भाकिते येऊन भिडली आहेत. मी इथल्या वाटा तुडवतो तेव्हा मला ती एकेक करून आठवतात.

पहिले भाकीत आगगाडीचे. ज्या आगगाडीमुळे अंधेरी मुंबईला जोडली गेली आणि वेसाव्याची मासळी शहराच्या आणखी जवळ आली, ती या देशात चालेल की नाही याचीच एके काळी शंका होती. ७ मे १८४५ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनी लंडनहून गव्हर्नर जनरलला एक खलिता धाडला. हिंदुस्थानात लोहमार्ग घालण्यात कोणत्या अडचणी आहेत याची त्यात यादीच दिली आहे. धोधो पाऊस आणि पूर, सोसाट्याचे वारे आणि डोक्यावरचे ऊन, लाकूड व भराव पोखरणारे किडे-कीटक, बांधकाम फोडून उगवणारी झाडेझुडपे, कुंपण नसलेला मोकळा मुलूख, आणि भरवशाचे इंजिनियर मिळण्याची मारामार! यादी वाचताना वाटते की, लंडनच्या कचेरीत बसून या माणसांनी आपला जून महिना अगदी हुबेहूब पाहिला होता. पण त्याच खलित्यात त्यांनी आणखी एक अंदाज बांधला. इंग्लंडात रेल्वेचे मोठे उत्पन्न उतारूंचे असते, हिंदुस्थानात याच्या नेमके उलटे होईल, कारण इथले लोक गरीब आणि विखुरलेले आहेत. तेव्हा तूर्त भिस्त ठेवावयाची ती मालावर, माणसांवर नव्हे. कित्येक गोरे जाणकार याला पुस्ती जोडीत की, सोवळेओवळे पाळणारा हिंदू परक्याच्या मांडीला मांडी लावून बसणारच नाही.

मुंबईतल्या माणसांचे मत निराळे होते. नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी रेल्वेसाठी पहिल्यापासून खटपट केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस मैलांचा रस्ता. पाहुण्यांची हौस फिटल्यावर तिकीट काढून बसणारे आले, आणि ते आजतागायत येतच आहेत. देवदर्शनाला जाणारे आले, गिरण्यांत काम शोधणारे घाटावरचे लोक आले, माहेरी निघालेल्या लेकी आल्या. पैसा नव्हता म्हणून ते घरी बसले नाहीत. पैसा नव्हता म्हणून ते तिसऱ्या वर्गात दाटीवाटीने बसले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली ती दिवसाला एक. आज मुंबईच्या लोकलगाड्यांतून रोज सत्तर लाखांवर माणसे ये-जा करतात. सकाळी नऊच्या सुमारास अंधेरीच्या फलाटावर उभे राहून त्या डायरेक्टरांचे स्मरण करावे. उतारू मिळणार नाहीत म्हणे!

न्यायाने बोलावयाचे तर त्यांचा आकडा सर्वस्वी चुकला नव्हता. मालाचे उत्पन्न आपल्या रेल्वेत बहुतेक काळ वरचढ राहिले. पाऊस, ऊन आणि वाळवी यांची भीतीही खोटी नव्हती. चुकला तो माणसाचा अंदाज. गरीब माणसाला कुठे जावयाचे नसते, कारण तो आजवर कुठे गेलेला नाही, असे त्यांनी धरून चालले. बैलगाडीने चार दिवस लागतात म्हणून जो घरी राहतो, तो चार तासांत पोचता येईल असे कळल्यावरही घरीच राहील काय, हा साधा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे भाकीत त्याच वर्षी दुसऱ्या एका माणसाने केले. बोरीबंदरची गाडी सुटून चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा ८ ऑगस्ट १८५३ च्या ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या पत्रात कार्ल मार्क्सचा लेख आला. रेल्वेतून नवे उद्योग निघतील आणि ते उद्योग वंशपरंपरेच्या कामाची वाटणी मोडून काढतील. जातिव्यवस्था त्या वाटणीवरच उभी असल्याने तीही विरघळून जाईल, असा त्याचा होरा होता. ते गोरे जाणकार म्हणत, जात आगगाडीला अडवील. मार्क्स म्हणत होता, आगगाडी जातीला मोडील. प्रत्यक्षात जात आगगाडीला आडवी आली नाही. ती तिकीट काढून गाडीतच बसली! स्टेशनावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी वेगळी भांडी मांडली गेली, आणि फलाटाबाहेर तर सारे पूर्वीसारखेच राहिले.

याचा पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१ सालची गोष्ट. त्यांचे वडील गोरेगावला नोकरीस होते. हे गोरेगाव आपल्या अंधेरीजवळचे नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. सुटीत वडिलांकडे जावयाचे म्हणून दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि भाचे अशी पोरे नवे कपडे घालून साताऱ्याहून गाडीत बसली. गाडीने त्यांना इतरांइतक्याच वेगाने मसूर स्टेशनवर आणून सोडले. वडिलांना पत्र पोचले नव्हते, म्हणून न्यावयास कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तरांनी नीटनेटकी पोरे पाहून आपुलकीने चौकशी केली, आणि ती महारांची आहेत असे कळताच ते दूर झाले. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे देऊ केले तरी कोणी गाडीवान तयार होईना. अखेर एक जण कबूल झाला तो या अटीवर की, भाडे दुप्पट द्यावयाचे आणि गाडी पोरांनी हाकावयाची. तो स्वतः बाजूने चालणार. पुढचा सारा प्रवास त्या मुलांनी पाण्यावाचून काढला. एका शतकातले सर्वांत नवे यंत्र आणि सर्वांत जुना आजार यांच्यामध्ये मसूरच्या स्टेशनाचे आवार तेवढे होते. यंत्र बदलले म्हणजे माणूस आपोआप बदलतो, असे मानणाऱ्याने ते आवार एकदा मनात आणावे. पुढे जो काही बदल झाला तो रुळांमुळे झाला नाही, त्या पोरांपैकी एकाने मोठेपणी जो लढा दिला त्यामुळे झाला.

आता वर्सोव्याच्या मेट्रोत बसू. पुढचेच स्थानक ‘डी. एन. नगर’. रोज हजारो लोक तिथे चढतात-उतरतात, पण ही दोन अक्षरे कोणाची, असे विचारले तर बरेच जण खांदे उडवतील. डी. एन. म्हणजे दादाभाई नौरोजी. विलायतेतले दीर्घ वास्तव्य संपवून हा पितामह १९०७ साली मायदेशी परतला आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन राहिला. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. म्हणजे आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी याच समुद्राच्या सोबतीत घालविली.

दादाभाईंच्या वाट्याला दोन भाकिते आली. पहिले त्यांच्याविषयी दुसऱ्याने केलेले. १८८६ साली लंडनच्या होबर्न मतदारसंघातून ते पार्लमेंटच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. दोन वर्षांनी, १८८८ साली, एडिंबरोच्या एका सभेत मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी त्या पराभवाचा उल्लेख केला. माणसाने कितीही प्रगती केली असली तरी एखादा इंग्रज मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इथवर आपण आलो आहोत असे मला वाटत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. या उद्गारांवरून इंग्लंडात मोठा गहजब झाला, आणि ज्यांनी दादाभाईंचे नावही ऐकले नव्हते त्यांना ते माहीत झाले. १८९२ च्या जुलैत सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना निवडून दिले. फेरमोजणीअंती मताधिक्य भरले अवघे पाच! थट्टेखोरांनी नौरोजी या नावाचे ‘नॅरो-मेजॉरिटी’ करून टाकले. पण मुख्य प्रधानांचे भाकीत खोटे पाडावयास पाच मते पुरली. त्याच निवडणुकीनंतर सॅलिस्बरींनाही आपले पद सोडावे लागले, हा योगायोग म्हणा की काव्यगत न्याय म्हणा.

दुसरे भाकीत दादाभाईंचे स्वतःचे, आणि ते माझ्या मते अधिक हृदयस्पर्शी आहे. गणिताचा हा प्राध्यापक. त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला आणि माणशी वार्षिक उत्पन्न वीस रुपये दाखविले. इथली संपत्ती दरसाल विलायतेला कशी वाहून जाते हे त्यांनी आकड्यांनिशी सिद्ध केले. १९०१ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, त्याच्या नावातच ‘अन-ब्रिटिश रूल’ असे शब्द आहेत. हे राज्य ब्रिटिशांच्या स्वभावाला न शोभणारे आहे, ही त्या शब्दांतली श्रद्धा. इंग्रज जनतेला खरा हिशेब कळला की ती न्याय करील, असा दादाभाईंचा अंदाज होता, आणि त्यासाठी त्यांनी अर्धे शतक खर्ची घातले. हिशेब बरोबर होता. न्याय मात्र आला नाही. मग १९०६ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून त्यांनी ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला. माणसे आपले भाकीत चुकलेले पाहून बहुधा जगावर रुसतात. दादाभाईंनी भाकीत बाजूला ठेवले आणि मागणी वाढविली. त्यानंतरच्या वर्षी ते वर्सोव्याला आले.

दादाभाईंच्या वस्तीपासून कोळीवाडा लांब नाही, आणि तिसरे भाकीत तिथले आहे. १८८३ साली लंडनमध्ये मत्स्यव्यवसायाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. उद्घाटनाचे व्याख्यान टॉमस हक्सले या थोर शास्त्रज्ञाने दिले. कॉड, हेरिंग यांसारख्या मासळीचे समुद्रातले साठे अक्षय आहेत, आपण कितीही पकडली तरी तिच्या संख्येवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, असे त्याने प्रतिपादन केले. समुद्र म्हणजे जणू द्रौपदीची थाळी! हक्सले काही अडाणी नव्हता. आजच्या मासेमारीच्या पद्धती लक्षात घेता, अशी अट त्याने घातली होती. पण ऐकणाऱ्यांनी अट विसरून ‘अक्षय’ हा शब्द तेवढा लक्षात ठेवला, आणि पद्धती मात्र बदलत गेल्या. न्यूफाउंडलंडचा समुद्र कॉडसाठी जगात प्रसिद्ध होता. तिथे १९९२ साली कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली, कारण मासळीच उरली नव्हती. हजारो कुटुंबांची रोजी एका दिवसात गेली.

आपल्या किनाऱ्यावर हीच कथा निराळ्या वेषात घडली. वेसाव्याच्या कोळ्याचे जुने साधन म्हणजे डोल जाळे. समुद्रात रोवलेल्या खुंटांना हे लांबोळक्या पिशवीसारखे जाळे बांधावयाचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जी मासळी आत येईल ती घ्यावयाची. यात माणूस मासळीच्या मागे धावत नाही, तिची वाट पाहतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढावयाच्या, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यावयाचा आणि मगच पुन्हा समुद्रात जावयाचे. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने आली, सुताच्या जाळ्यांच्या जागी नायलॉनची आली, बर्फाचे कारखाने आले. मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था १९६१ साली मुंबईत स्थापन झाली, ती आज वर्सोव्यालाच आहे. यंत्र आले की मासळी वाढेल, मासळी वाढली की कोळी सुखी होईल, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. हेतू चांगला होता, आणि काही वर्षे हिशेब जुळलाही. वादळात सापडलेल्या होडीला इंजिनाने किनारा गाठून दिला, हेही विसरता कामा नये.

परंतु जे इंजिन वेसाव्याच्या होडीला लागले तेच दुसऱ्यांच्या मोठमोठ्या नौकांनाही लागले. तळ खरवडीत जाणारे ट्रॉलर आले, थवेच्या थवे वेढून उचलणारी पर्ससीन जाळी आली, रात्री झगझगीत दिवे लावून मासळीला भुलविण्याची युक्ती आली. शहराने खाडीत सांडपाणी आणि प्लास्टिक सोडले ते वेगळेच. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्राने दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी कायद्यानेच बंद असते. जे काम पूर्वी एक नारळ करीत असे त्याला आता गस्तीची नौका लागते. २०२३ साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. हा मान त्याला मिळाला तो तो विपुल आहे म्हणून नव्हे, तो कमी होत चालला म्हणून. वेसाव्याच्या बाजारात भाव विचारून मुकाट्याने परत फिरणाऱ्यांत मीही असतो. पण माझे एका जेवणाचे नुकसान होते. टोपली डोक्यावर घेऊन बसलेल्या कोळणीचे घर त्यावर चालते. हक्सलेचे भाकीत चुकल्याचे बिल लंडनला गेले नाही, ते तिच्याकडे आले.

अलीकडच्या काळातही भविष्यवाद्यांचा धंदा बसलेला नाही. वर्सोव्याहून घाटकोपरला जाणाऱ्या मेट्रोची पायाभरणी २१ जून २००६ रोजी झाली आणि गाडी धावली ८ जून २०१४ रोजी. अकरा-साडेअकरा किलोमीटर आणि बारा स्थानके यांना आठ वर्षे लागली. तोवर ‘ही काही होत नाही’ असे भाकीत अंधेरीच्या प्रत्येक चहाच्या दुकानात वर्तविले जात होते. तेही चुकले. रस्त्याने तासाहून अधिक खाणारा प्रवास वीस-बावीस मिनिटांवर आला, आणि लोकांनी पहिल्या दिवसापासून गाडी भरून टाकली. त्याच वर्षी, चार महिने आधी, वडाळा ते चेंबूर मोनोरेल सुरू झाली होती. उद्याचे वाहन म्हणून तिचे केवढे कौतुक! पण डबे रिकामेच धावत राहिले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्ती-सुधारणेसाठी ती सेवाच थांबविण्यात आली. दोन्ही गाड्या विजेच्या, दोन्ही खांबांवरून जाणाऱ्या. फरक इतकाच की, एक माणसांना जिथे जावयाचे होते तिथे गेली, दुसरी जिथे मार्ग बांधता आला तिथे गेली.

या साऱ्या भाकितांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यंत्राचा अंदाज बांधताना शहाणी माणसे फारशी चुकली नाहीत. ती चुकली माणसाचा अंदाज बांधताना. डायरेक्टरांनी आणि सॅलिस्बरींनी धरून चालले की, माणूस आज आहे तसाच उद्या राहील. हक्सलेचे भाकीत ज्यांनी उचलून धरले त्यांनी मानले की, माणसाचा हव्यास आणि त्याची साधने आहेत तेवढीच राहतील. मार्क्सने उलट मानले की, साधन बदलले की माणूस बदलेलच. एकाने माणसाला दगड समजावे, दुसऱ्याने मेण समजावे, असा हा प्रकार. आणि ज्याच्याविषयी भाकीत करावयाचे त्याला मात्र कोणी विचारीत नाही, हे दोघांत समान.

विचारले तर काय होते, याचेही एक उदाहरण अलीकडचेच आहे. मुंबईचा सागरी किनारा मार्ग वरळीपाशी सागरी सेतूला जोडावयाचा होता. तेव्हा पुलाच्या खांबांमध्ये साठ मीटरचे अंतर पुरेल असा तज्ज्ञांचा हिशेब होता. वरळीच्या कोळ्यांनी सांगितले की पुरणार नाही. लाटा आणि वारा असताना होडी सरळ रेषेत चालत नाही, ती खांबांवर आपटेल. कित्येक वर्षे त्यांनी हे सांगितले, काम अडविले, आंदोलन केले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ते अंतर एकशेवीस मीटर करण्याचे मान्य केले. भाकीत चुकण्याआधीच दुरुस्त झाल्याचे असे प्रसंग इतिहासात थोडे. ते दुरुस्त करणाऱ्यांच्या हाती आकडेमोड नव्हती, त्या पाण्यात होडी हाकण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

वेसाव्याच्या किनाऱ्याविषयीही लोकांनी आशा सोडली होती. कचऱ्याचा थर इतका चढला होता की वाळू दिसेनाशी झाली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी तो कचरा उचलावयास प्रारंभ केला, माणसे जमत गेली, आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. दर पावसाळ्यात समुद्र कचरा परत आणून टाकतो, तेव्हा हे काम संपले असे कोणी म्हणू नये. पण इथे पुन्हा कासव येईल, असे कोणत्याही अहवालात लिहिलेले नव्हते.

आता वर्सोव्याहून वांद्र्याला जाणाऱ्या सागरी सेतूचे काम समुद्रात चालू आहे, आणि खाडीपलीकडे मढला जोडणाऱ्या पुलाची योजना आहे. कोणता प्रवास किती मिनिटांवर येईल याचे आकडे छापून आले आहेत, आणि कदाचित ते खरेही ठरतील. मला त्या मिनिटांविषयी शंका नाही. या पुलांच्या खांबांमधून वेसाव्याची होडी भर वाऱ्यात कशी बाहेर पडणार, हे कोळीवाड्यात जाऊन विचारले आहे काय, एवढेच मला जाणून घ्यावयाचे आहे. आणि विचारले नसेल, तर खांब उभे राहण्याच्या आत विचारावे.